आधी ब्रेक, मग आवाज

आमच्या मंडळाच्या संपादकबाई म्हणाल्या, "या वर्षी दिवाळी अंकात तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा." मी म्हटलं, "बाई, माझ्या धंद्यातले अनुभव हाताला लागतात आणि साबणानंही निघत नाहीत." त्यांना हे फार आवडलं. असंच लिहा म्हणाल्या. तेव्हा वाचकांना काही काळंबेरं लागलं तर जबाबदारी बाईंची.

हैदराबादेत, गौलीगुड्यात माझं वर्कशॉप आहे. मी मोटरसायकली दुरुस्त करत नाही, म्हणजे करतो, पण त्यासाठी प्रसिद्ध नाही. धडधाकट, नवीकोरी, हप्तेही न फिटलेली गाडी घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि म्हणतात, "हिला जरा सुधारा." यालाच हल्ली अपग्रेड म्हणतात. त्यातही माझ्याकडे क्रूझर जास्त येतात. क्रूझर म्हणजे लांबलचक, बुटकी, जड गाडी. सीट खाली, पाय पुढे, हात पसरलेले, बसणारा दिवाणखान्यात बसल्यासारखा. खरं तर ही आरामखुर्ची आहे, पण विकत घेतल्यावर महिनाभरात मालकाला वाटायला लागतं की आपण घोडा घेतलाय आणि तो पळायला हवा.

बाहेरच्यांसाठी हे प्रकरण सोपं करून सांगतो. इंजिन श्वास घेतं आणि सोडतं. घेतं ते एअर फिल्टरमधून, सोडतं ते सायलेन्सरमधून. कंपनी दोन्ही ठिकाणी जरा आवळूनच देते, कारण तिला कायदे पाळायचे असतात आणि शेजाऱ्यांची झोपही राखायची असते. हे दोन्ही मोकळे केले की इंजिनाला हवा जास्त मिळते. हवा जास्त तर पेट्रोलही त्याच मापात जास्त हवं, नाहीतर इंजिन तापतं आणि फटाके फोडतं. ते माप गाडीच्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये असतं, तेही बदलावं लागतं. फिल्टर, सायलेन्सर आणि पेट्रोलचं माप, ही तिन्ही एकत्र केली की पहिली पायरी झाली. गिऱ्हाईक मात्र यातला सायलेन्सर तेवढा मागतं. कारण फिल्टर दिसत नाही, माप ऐकू येत नाही, आणि सायलेन्सर गल्लीभर कळतो.

मलकपेठेतले एक सद्गृहस्थ माझं न ऐकता दुसरीकडून नुसता सायलेन्सर बसवून आले होते. सकाळी रेसकोर्सच्या बाजूनं जाताना त्यांच्या गाडीनं असा काही फटाका फोडला की फिरायला काढलेला एक उंची घोडा जागच्या जागी वळला आणि तबेल्याकडे निघाला. मागून घोडेवाला, त्याच्या मागून माफी मागत हे सद्गृहस्थ. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले तेव्हा घसा बसलेला होता.

दुसरे एक दातांचे डॉक्टर. "गाडी पळत नाही," अशी त्यांची तक्रार. बाहेर येऊन बघतो तर गाडीला दोन्ही बाजूंना चामड्याच्या पिशव्या, मागे लोखंडी पेटी, पुढे जाडजूड गार्ड, चार दिवे, आणि टाकीवर पितळी गरुड. मी म्हटलं, "डॉक्टर, हे सगळं उतरवा. हीच तुमची अपग्रेड." ते दुखावले. "मग ती माझी गाडी आहे हे लोकांना कळणार कसं?" गरुड अजून आहे.

तर अशा लोकांसाठी मी दोन नियम केलेत. पहिला, आधी ब्रेक, टायर आणि शॉकॉप, म्हणजे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा, मग आवाज. गाडी थांबत नसेल तर ती पळवण्यात काय अर्थ आहे? दुसरा नियम लोकांना विचित्र वाटतो. पान्हा हातात घेण्यापूर्वी मी गिऱ्हाइकाच्या मागे बसून एक चक्कर मारतो. गौलीगुड्यातून निघायचं, चादरघाटच्या पुलावरून मलकपेठ, आणि परत. माणूस तोंडानं काहीही सांगो, मागच्या सीटवर सगळं कळतं. ब्रेक कधी लावतो, आरसा बघतो का, रागावला की काय करतो. एका गिऱ्हाइकाला मी चक्कर झाल्यावर गाडी विकायचा सल्ला दिला होता. तो आता कार चालवतो आणि दर दसऱ्याला सोनं द्यायला येतो.

माझा स्वभाव गोड नाही. गिऱ्हाइकांना मी फैलावर घेतो, आणि ती त्यासाठीच येतात असा माझा समज आहे. करीमभाई म्हणतात, "सेठ, लोगाँ पार्ट के वास्ते नै आते, गाल्याँ खाने आते." करीमभाई म्हणजे माझे जोडीदार. वर्कशॉपच्या पहिल्या दिवसापासून आम्ही एकत्र आहोत, आणि मला उलट बोलायचा परवाना गौलीगुड्यात फक्त त्यांच्याकडे आहे. घरी नल्लकुंट्यात तो आमच्या सौभाग्यवतींकडे, सुलभाकडे आहे.

अशा माझ्यासमोर एका रविवारी अमेय उभा राहिला.

अमेय म्हणजे आमचा होणारा जावई. मूळचा पुण्याचा, इथे सॉफ्टवेअरमध्ये. उंच, सालस, बोलताना अर्धी वाक्यं इंग्रजीत संपवणारा. आमची एकुलती एक मृणाल आणि तो एकाच इमारतीत काम करतात. त्यांचं त्यांनीच जमवलं, साखरपुडा तेवढा आम्ही केला. मुलगा मला पसंत होता. एवढंच की त्याच्याकडे क्रूझर होती आणि मला जेव्हा जेव्हा त्याची आठवण यायची तेव्हा मागच्या सीटवर मृणाल दिसायची.

"बाबा," तो म्हणाला, "सायलेन्सर चेंज करायचाय. साउंड थोडा... म्हणजे डीप हवाय."

दुसरं कुणी असतं तर मी तिथेच त्याची शाळा घेतली असती. तोंड उघडलंही होतं. पण आदल्याच रात्री जेवताना सुलभानं ताकीद दिली होती. "अहो, तो आता तुमचं गिऱ्हाईक नाही. जावई आहे. आमच्या उदगीरकडे जावयानं मागितलेल्या गोष्टीला नाही म्हणत नाहीत. तोंड आवरा." साखरपुड्यात त्यांच्याकडच्यांनी मानपान, देणंघेणं, सगळ्याला नको म्हटलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा जावयानं काहीतरी मागितलं होतं आणि तो नेमका सायलेन्सर होता.

"जरूर, जावईबापू," मी म्हणालो. करीमभाईंच्या हातातून स्पॅनर पडला.

पण नियम तो नियम. मी त्याच्या मागे बसलो. मंडळी, होणाऱ्या जावयाच्या मागे मोटरसायकलवर कसं बसावं याबद्दल आपल्याकडे काहीच सांगून ठेवलेलं नाही. कमरेला धरावं तर कसंतरीच वाटतं. खांद्यावर हात ठेवावा तर आशीर्वाद दिल्यासारखं दिसतं. गाडीला मागे धरायला दांडी नव्हती. शेवटी मी दोन्ही हात स्वतःच्या गुडघ्यांवर ठेवले आणि फोटोला बसल्यासारखा बसलो.

त्याचीही पंचाईत कमी नव्हती. सासरेबुवा मागे म्हणून त्यानं गाडी इतकी हळू चालवली की शाळेच्या मुलांनी भरलेली एक रिक्षा आम्हाला ओलांडून गेली आणि मुलांनी टाटा केला. प्रत्येक गतिरोधकाआधी तो मागे वळून विचारायचा, "बाबा, कम्फर्टेबल आहात ना?" मला पुढे बघ म्हणून ओरडायचं होतं. मी म्हणत होतो, "उत्तम, जावईबापू, उत्तम." चादरघाटच्या पुलावर गाडी बंद पडली. मलकपेठेच्या सिग्नलला पुन्हा बंद पडली. क्लच कधी सोडावा हे त्याला ठाऊक नव्हतं आणि पुढचा ब्रेक तर तो विस्तवासारखा टाळत होता.

वर्कशॉपशी येऊन उतरलो. हा पोरगा माझ्या मुलीला मागे बसवून बाहेरच्या मोठ्या रस्त्याला लागणार, आणि त्याला हवाय आवाज! नाही म्हणायची सोय नव्हती. तेव्हा मी सरकारी उपाय केला. "सायलेन्सर मागवावा लागेल, जावईबापू," मी म्हणालो. "वेळ लागेल. तोवर दर रविवारी गाडी आणत जा. बाकीचं बघून घेऊ." बाकीचं म्हणजे ती गाडी मला अशी करायची होती की चालवणारा चुकला तरी तिनं चुकू नये.

पहिल्यांदा पुढचा ब्रेक उघडला आणि बघतच राहिलो. पॅड नवे, उत्तम प्रतीचे. ब्रेकचा रबरी पाइप काढून तिथे स्टीलच्या जाळीचा बसवलेला, म्हणजे दाबला की लगेच पकडणारा. टायरही चांगले निवडलेले. अगदी मी केलं असतं तसं.

"हे कुणी केलं?"

"ते... आधीच करून घेतलंय, बाबा," असं म्हणत अमेयनं करीमभाईंकडे पाहिलं. करीमभाई हात धूत होते. ते त्या दिवशी फार वेळ हात धूत होते.

मग शॉकॉप बघितले. मागच्या स्प्रिंगा चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे कमी-जास्त आवळता येतात. त्या अगदी सैल ठेवलेल्या होत्या, जणू गाडीवर कुणी हलकं माणूस बसतं. क्लचची लीव्हर मुठीच्या अगदी जवळ आणलेली, आरसे खाली वाकवलेले. सहा फुटी माणसाला त्या आरशात स्वतःचं कोपर दिसलं असतं. मी सगळं अमेयच्या मापाचं केलं. स्प्रिंगा आवळल्या, लीव्हर लांब केली, आरसे वर केले.

पुढच्या रविवारी सगळं पुन्हा होतं तिथे.

मी पुन्हा लावलं. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मी करीमभाईंवर खेकसलो, तर ते म्हणाले, "कायकू परेशान होरे सेठ, नई गाडी है, जगा पे बैठरी." तीस-पस्तीस वर्षं पान्हा चालवणारा माणूस आरसे आपोआप खाली बसतात असं सांगत होता आणि मी उन्हाचा परिणाम समजून पुन्हा आरसे वर केले. विचार केल्यावर मला एकच शक्यता दिसली. अमेयचा एखादा बुटका मित्र गाडी वापरत होता.

"जावईबापू," मी जमेल तितक्या मायेनं म्हणालो, "आपली गाडी दुसऱ्याला देत जाऊ नये. वजन वेगळं, हात वेगळा. गाडी बिघडते."

पोरगा कानापर्यंत लाल झाला. "नाही देत, बाबा. म्हणजे... तसं नाही देत." मला वाटलं, भिडस्त आहे, मित्राला नाही म्हणता येत नसेल.

मग एका सकाळी मी मलकपेठेत एका गिऱ्हाइकाची गाडी बघायला गेलो होतो आणि काम झाल्यावर कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा घेत उभा होतो. समोरून एक क्रूझर आली, त्या रंगाच्या शहरात ढिगानं आहेत. चालवणारा अंगानं बारीक, डोक्याला पूर्ण हेल्मेट, मागे तसंच हेल्मेट घातलेला कुणीतरी उंच माणूस पार्सलची पिशवी सांभाळत बसलेला. एवढ्यात एक रिक्षावाला कसलीही सूचना न देता डावीकडून उजवीकडे वळला. हा प्रकार आमच्या हैदराबादेत पाहुणचारासारखा आहे, केव्हाही होतो. क्रूझरवाल्यानं पुढचा-मागचा दोन्ही ब्रेक असे मिळवून दाबले की गाडी नाक न खुपसता, शेपूट न हलवता, सरळ रेषेत थांबली. पाय अलगद जमिनीवर. रिक्षा गेली. क्रूझर पुन्हा निघाली, क्लचला एक झटका नाही.

मला राहवलं नाही. चहावाल्याला म्हटलं, "बघितलंस? याला म्हणतात गाडी चालवणं! या पोराला कुणीतरी नीट शिकवलंय. अशी माणसं हल्ली बघायला मिळत नाहीत."

क्रूझर चहासाठी त्याच हॉटेलसमोर येऊन थांबली. मागचा उंच माणूस हेल्मेट काढत उतरला. तो अमेय होता. त्यानं मला पाहिलं, त्याचं तोंड उघडलं, आणि काय करावं ते न सुचल्यामुळे त्यानं हातातली इडलीची पिशवी माझ्या हातात दिली.

पुढच्यानं हेल्मेट काढलं. मृणाल.

कॉलेजात असताना तिनं मला एकदा विचारलं होतं, मोठी गाडी शिकवता का म्हणून. मी म्हटलं होतं, "पाय तरी टेकतात का जमिनीला?" आणि स्कूटी घेऊन दिली होती. विषय संपला असं मी समजत होतो. आत्ता तिचे दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकलेले होते. क्रूझरची सीट खाली असते, हे मी जन्मभर लोकांना सांगत आलोय.

"तुला कुणी शिकवलं?" मी विचारलं, पण उत्तर माझं मलाच समजलं. ते असं ब्रेक लावणं माझ्या ओळखीचं होतं.

मृणालला आणि अमेयला घेऊन मी करीमभाईंना वर्कशॉपमध्ये गाठलं तेव्हा त्यांनी डोळेही खाली घातले नाहीत. "बच्ची बोली सिखाव बोल्के, मैं सिखाया. तुम पूछे नै, मैं बोला नै." ब्रेकचे पॅडही त्यांचेच, पाइपही त्यांचाच. गाडी नावानं अमेयची, पण पसंती मृणालची, आणि चालवणारीही तीच. अमेयला मागे बसून गाणी ऐकायला आवडतं. त्या पहिल्या दिवशी बिचारा माझ्या नियमापायी, जेमतेम येत असलेली गाडी घेऊन, सासऱ्याला मागे बसवून चादरघाटचा पूल पार करून आला होता. त्याच्या धैर्याबद्दल माझं मत त्या क्षणी बदललं आणि ते आजतागायत तसंच आहे.

"आणि सायलेन्सर?" मी मृणालला विचारलं.

"तो मला पाहिजे, बाबा."

"मग त्याला कशाला पाठवलंस?"

"मी मागितला असता तर तुम्ही नक्को म्हटलं असतं. जावयाला नाही म्हणता येत नाही ना तुम्हाला. आईनं सांगितलं होतं मला." म्हणजे सुलभाही सामील होती. ती ताकीद, ते उदगीर, सगळं ठरवून. घरात मी एकटाच गिऱ्हाईक होतो.

मी चिडलो होतो, खोटं कशाला सांगू. मुलीला नाही म्हणायला मला कुणाची आडकाठी नव्हती, आणि तो शब्द ओठांवर आलाही होता. पण करीमभाई मध्येच म्हणाले, "सेठ, पैले पीछे तो बैठो. सब के पीछे बैठते." नियम माझाच. मी हेल्मेट घातलं आणि माझ्या मुलीच्या मागे बसलो.

गौलीगुड्यातून निघालो. मी चूक शोधत होतो. आरसा बघते का? बघते. वळणाआधी वेग उतरवते का? उतरवते. बसवाला अंगावर आला तेव्हा रागावली का? रागावली, त्याला तेलुगूत काहीतरी म्हणाली, पण हात ढळला नाही. पुलावर मी मुद्दाम अंग एका बाजूला टाकलं. "बाबा, लाइट घ्या ना, टेन्शन नका घेऊ, सरळ बसा," ती पुढूनच म्हणाली. परत येईपर्यंत मला काढण्यासारखी एकही चूक सापडली नाही. इतक्या वर्षांत एवढी वाईट चक्कर मी मारली नव्हती.

पण हार मानणं माझ्या स्वभावात नाही. "आधी ब्रेक," मी उतरत म्हणालो.

"झालेत."

"टायर."

"झाले."

"शॉकॉप."

"तेही लावले होते. दर रविवारी तुम्हीच बिघडवता."

करीमभाई हात धुवायला निघून गेले.

"मग आवाज कशाला पाहिजे तुला?" मी शेवटचं विचारलं. "तू काय गल्लीत मिरवणारी आहेस का?"

ती हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत म्हणाली, "लग्नानंतर आम्ही शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, गच्चीबावलीला राहणार. इकडे यायचं तर रविवारी दुपारीच. तेव्हा तुम्ही तोंडावर पेपर घेऊन झोपलेले असता. बेल वाजली की आई उठते, तुम्ही ढिम्म हलत नाही. पण खाली एखादं चांगलं इंजिन वाजलं ना, की तुम्ही ताडकन उठून गॅलरीत जाता. मी लहानपणापासून बघतेय. म्हटलं, मी आले की तुम्ही तसं उठावं."

मला रडू आलं. डोक्यावर हेल्मेट अजून होतं आणि काच खाली होती, तेवढी अब्रू राहिली.

मग ते काम मी कुणाच्या हाती दिलं नाही. फिल्टर बसवला. सायलेन्सर एकामागून एक लावून बघितले. ती भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकायची आणि मान हलवायची. हा पत्र्यासारखा वाजतो, हा उगाच ओरडतो. शेवटी एक सापडला, खर्जातला, ठाय लयीत चालणारा आणि पोलिसांनाही हरकत नसलेला. मग पेट्रोलचं माप मी असं जुळवून घेतलं की गाडीनं कुठेही फटाके फोडू नयेत, धापा टाकू नयेत. गाडी तपासून दिली तेव्हा स्प्रिंगा सैल होत्या, लीव्हर मुठीजवळ आणि आरसे खाली. मी त्यांना हात लावला नाही.

लग्न झालं. घर मोठं वाटायला लागलं. सुलभा दोन माणसांचा चहा ठेवताना तिसऱ्याचं पाणी घालायची आणि मग ओतून द्यायची. पहिल्या रविवारी जेवण झालं, मी पेपर तोंडावर घेतला, पण झोप कसली येते. पडून राहिलो. कुठेतरी कुकर वाजला, कुणाची तरी स्कूटर गेली. मग गल्लीच्या तोंडाशी तो आवाज वळला. सुलभा स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत मी गॅलरीत पोचलो होतो.

समोरच्या घरातले रावगारू निवृत्त प्राध्यापक आहेत आणि दुपारच्या झोपेच्या बाबतीत फार कडक आहेत. तेही बनियनवर बाहेर आले होते. "एमंडी, अहो," ते मला म्हणाले, "कसला हा आवाज? कोणाची गाडी आली?"

मी म्हटलं, "गाडी नाही हो, आमची मृणाल आली."